काल्मेतचा माड

क्लाइव्ह गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी ग्लेनिसबाईंकडे गेले, तेव्हा त्यांनी नामेलेचं पान फुलदाणीत ठेवलं होतं. काचेची फुलदाणी, त्यात पाणी, शेजारी क्लाइव्हचा फोटो.

"सकाळी कुणीतरी ठेवून गेलं," त्या म्हणाल्या. "खड्डा खणायचा आहे ना, तिथेच काठीला बांधलेलं होतं. नावसुद्धा नाही लिहिलं. किती हळवी आहेत गं तुमची माणसं."

नामेलेचं पान सांत्वनासाठी नसतं. ते जिथे बांधलेलं असतं तिथे कुणी पाऊल टाकत नाही, काही तोडत नाही, खणत नाही. ज्यानं बांधलं त्याच्याशी आधी बोलतात. पानाला हात लावायची तर कुणाची छाती होत नाही. पाच वर्षं एफाटे बेटाच्या या किनाऱ्यावर राहून ग्लेनिसबाईंनी ते सोडवून आणलं होतं, आणि वर पाण्यात ठेवलं होतं.

"खणायला माणसं आली होती ना?" मी विचारलं.

"आली आणि गेली. फावडी तिथेच टाकून. मला वाटलं, पावसाची चिन्हं दिसली असतील." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "क्लाइव्हनं अचूक सांगितलं असतं, पाऊस आहे की नाही."

ते खरंच अचूक सांगत. ऑस्ट्रेलियात बेंडिगोला ते शाळेत विज्ञान शिकवायचे. इथे आल्यावर त्यांनी बागेत पर्जन्यमापक बसवला, आणि रोज सकाळी नऊला राजधानी व्हिलातल्या हवामान कार्यालयात माझ्या टेबलावर फोन वाजायचा. "ऑफिसबाई, साडेअकरा मिलिमीटर. गोल करून बारा लिहू नकोस, मला कळेल." उत्तर किनाऱ्यावरचं सरकारी यंत्र बिघडलेलं होतं. गेल्या चार वर्षांच्या आमच्या नोंदी त्यांच्याच आहेत, आणि त्यांत एकही दिवस कोरा नाही. शेवटच्या दिवशीही त्यांनी आकडा सांगितला होता. फोन ठेवून बागेत परत गेले आणि तिथेच पडले.

बेंडिगोचं घर विकून दोघांनी माझ्या काकांकडून, काल्तापाऊ काकांकडून, किनाऱ्याचा हा तुकडा पंच्याहत्तर वर्षांच्या पट्ट्यानं घेतला होता. कागदावर सही झाली त्या दिवशी क्लाइव्ह एकोणसत्तर वर्षांचे होते. "एकशेचव्वेचाळिसाव्या वर्षी घर रिकामं करून देतो, काल्तापाऊ. तोवर धीर धर."

"मी थांबतो रे," काका म्हणाले. "तू तेवढा दिलेल्या दिवशी हजर राहा."

आता क्लाइव्हना त्याच जमिनीत पुरायचं होतं. ती त्यांची एकच इच्छा होती. "मला परत त्या थंडीत पाठवू नकोस," असं ते ग्लेनिसबाईंना अनेकदा म्हणाले होते. मूलबाळ नव्हतं. ग्लेनिसबाईंना मग त्यांच्याशेजारी राहायचं होतं, आणि पुढे तिथेच जायचं होतं. व्हिलाच्या शवागारात क्लाइव्हना शुक्रवारपर्यंतच ठेवता येणार होतं.

"तू तुझ्या काकांशी एकदा बोलशील?" मी पानाचा अर्थ सांगितल्यावर त्या म्हणाल्या. "मी ते पाण्यात... देवा. मी चुकले असेन तर माफी मागते. त्यांनी हो म्हटलं होतं गं."

काकांनी हो म्हटलं होतं, हे खरं होतं. आमच्याकडे जमीन विकली जात नाही. वरचं वापरायला देतात. पण एखाद्याला त्या मातीत पुरलं की त्याच्या वंशाला तिथे बोलायचा अधिकार येतो, म्हणून परक्याला पुरू देत नाहीत. काकांनी विचार केला होता: याला वंशच नाही, मग हक्क सांगायला कोण येणार? झोपू दे बिचाऱ्याला.

काका नाकामालच्या, म्हणजे गावाच्या सभाघराच्या, पायरीवर बसून दोरी वळत होते.

"पान मीच बांधलं," ते म्हणाले. "पण मनानं नाही. तुझ्या आईनं सांगितलं."

"तुम्ही चीफ आहात, काका."

"हो ना. मी चीफ आहे. आणि ती काल्मेतची आई आहे." त्यांनी दोरी बाजूला ठेवली. "घरी जा, लेइना. माझ्या हातात काही नाही."

काल्मेत माझा धाकटा भाऊ. आमच्याकडे मूल जन्मलं की त्याची नाळ पुरतात आणि तिच्यावर नारळ लावतात. तो माड त्या मुलाचा. काल्मेतचा माड किनाऱ्याच्या त्याच तुकड्यावर होता. काल्मेत नऊ वर्षांचा असताना एका होडीतून पलीकडच्या बेटावर सुरणं आणायला गेला. वारा अचानक फिरला. उलटलेली होडी दुसऱ्या दिवशी प्रवाळाच्या बांधाबाहेर सापडली. तो सापडला नाही. सोळा दिवस शोधलं.

त्यानंतर आई दर शनिवारी केरसुणी घेऊन त्या माडाखाली जायची. पडलेल्या झावळ्या उचलायची, वाळू झाडून रेघा काढायची, थोडा वेळ बसायची. माड वाढत राहिला. शेजारच्या बायका आपल्या मुलांच्या उंचीबद्दल बोलायच्या तेव्हा आईही म्हणायची, "आमच्या काल्मेतला यंदा पहिली फुलं आली." कुणी हसायचं नाही.

पट्ट्याच्या बैठकीला आईला कुणी बोलावलं नाही. दलालानं नकाशा आणला होता. त्यात रेघा होत्या, कोपऱ्यांचे आकडे होते, झाडं नव्हती. ज्या झाडाखाली कुणीतरी झाडून ठेवतं ते कुणाचं तरी असतं, हे वेगळं सांगावं लागेल असं काकांना वाटलं नाही. आणि क्लाइव्ह काटेकोर माणूस. त्यांनी नकाशा तपासला, कागद वाचले, दलालाला विचारलं, आणि समुद्र दिसावा म्हणून व्हरांड्यासमोरचे तीन माड पाडले. आमच्या गावात एकाही घराचं तोंड समुद्राकडे नाही. समुद्र काही बघत बसायची गोष्ट नाही.

मी तेव्हा परदेशी, सुव्हाला शिकत होते. सुट्टीत आले तर माडाच्या जागी आभाळ होतं. आई म्हणाली, "त्यांना बोलू नकोस. सांगून झाड उभं राहणार आहे का?" मी बोलले नाही. चार वर्षं रोज सकाळी नऊला मी क्लाइव्हचा आकडा लिहून घेतला, त्यांच्या विनोदांना हसले, आणि बोलले नाही.

आई अंगणात, पानात गुंडाळून भाजायच्या लापलापसाठी सुरण किसत होती.

"तिला सांग, तिथे नको," ती वर न बघता म्हणाली.

"ती कारण विचारेल."

"मग सांग कारण. शिकवलं कशाला तुला?"

"तूच म्हणायचीस ना, सांगू नको. चार वर्षं."

"चार वर्षं कुणी विचारलं नव्हतं."

"आई, ते वाईट नव्हते गं. त्यांना माहीत नव्हतं."

"मी कधी म्हटलं वाईट होता?" तिचा हात थांबला. "मला बघून रोज टोपी काढायचा. वाईट असता तर सोपं गेलं असतं."

मी परत गेले आणि ग्लेनिसबाईंना सगळं सांगितलं. मी जितकं जमेल तितकं क्रमानं सांगितलं, कारण मधेच थांबले असते तर पुढे बोलता आलं नसतं. आम्ही व्हरांड्यात होतो. समोर गवतावर त्यांचा बाक होता: माडाच्या खोडाचा बुंध्याकडचा एक लांब तुकडा, दोन दगडांवर आडवा ठेवलेला. संध्याकाळी ती दोघं तिथे बसून चहा प्यायची. मी काल्मेतबद्दल सांगत असताना त्यांची नजर त्या बाकावर गेली आणि तिथेच राहिली.

"हे तेच?" त्यांनी विचारलं.

"हो."

"बाकीचं?"

"बाकीचं तुम्ही जाळलंत."

त्या उठून बाकाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ती केरसुणी घेऊन आली होती. झाड पाडल्यानंतरच्या शनिवारी. मला वाटलं, नारळ वेचायला आली. मी तिला पिशवी भरून दिली. आणि हसले." त्यांनी हात तोंडावर ठेवला. "चल. मला तिच्याकडे यायचंय."

"कुणाकडे असं जाताना चटई नेतात," मी म्हटलं. "किंवा डुक्कर. काका मध्ये असतात."

"माझ्याकडे चटई नाही, लेइना. मी आहे."

त्यांनी फुलदाणीतून पान काढलं, झग्याच्या टोकानं पुसलं, आणि दोन्ही हातांत धरून माझ्या मागून चालत आल्या. गावातली मुलं खेळायची थांबून बघत होती. आईनं त्यांना बघितलं, उठली, आतून चटई आणून अंगणात टाकली. मी दोघींच्या मधे बसले.

ग्लेनिसबाई म्हणाल्या, "तिला सांग, मला माफ कर. सांग, त्याला माहीत असतं तर त्यानं तिथे घरच बांधलं नसतं."

मी सांगितलं. आई म्हणाली, "माहीत आहे."

"विचार, त्या जमिनीवर दुसरा एखादा कोपरा चालेल का? अगदी मागे, कुंपणाला लागून. झाड होतं तिथे नाही. ती म्हणेल तसा विधी करू. हवं ते देते."

हे इथे लिहायला सोपं आहे. आईला आमच्या बोलीत सांगताना मला दोनदा थांबावं लागलं. आईनं पूर्ण ऐकून घेतलं.

"मला काही नको," ती म्हणाली. "आणि कोपरा आहे, नाही कसा? पण तिला सांग, तिच्या माणसाला तिथे ठेवतील, माती लोटतील, ती फुलं नेईल. मला ते रोज दिसेल. माझ्याकडे मातीत ठेवायला काही नव्हतं. एक झाड होतं." तिनं मनगटानं डोळे पुसले. "माझं मन एवढं मोठं नाही. असायला हवं होतं. नाही."

मी सांगितलं. "नाही" हा शब्द मी मवाळ करून सांगू शकले असते. नाही केला.

ग्लेनिसबाईंनी मान हलवली. मग, जणू आणखी एक गोष्ट विचारायची राहिली होती म्हणून, म्हणाल्या, "त्या नारळांचं काय केलंस तू?"

"लावले," आई म्हणाली. "सगळे. बावीस होते. शहाळी होती ती, कोवळी. एकही रुजलं नाही."

आईनं लापलापचा एक तुकडा पानावर ठेवून पुढे केला, आणि ग्लेनिसबाईंनी तो सगळा खाल्ला. निघताना त्यांनी नामेलेचं पान आईसमोर चटईवर ठेवलं.

वाटेत त्या एवढंच बोलल्या, "त्याला थंडी सहन व्हायची नाही गं. रात्री मोजे घालून झोपायचा, इथेसुद्धा."

शुक्रवारी क्लाइव्हना विमानानं नेलं. ग्लेनिसबाई त्याच विमानानं गेल्या, दोन बॅगा घेऊन. विमानतळावर काकांनी शवपेटीवर चटई पसरली आणि हळूच म्हणाले, "दिलेल्या दिवसाच्या आधीच गेलास रे." घराला कुलूप आहे. सत्तर वर्षं शिल्लक आहेत. दलालानं इंटरनेटवर जाहिरात टाकली आहे, त्यातला पहिला फोटो व्हरांड्यातून दिसणाऱ्या समुद्राचा आहे.

पेटी सोडून ट्रक परत आला तो आमच्या अंगणापाशी थांबला. चार माणसांनी बाकाचं खोड उतरवलं. ग्लेनिसबाईंनी जाण्याआधी त्यांना सांगून ठेवलं होतं. चिठ्ठी नव्हती.

आईनं ते घराच्या भिंतीशी, सावलीत ठेवायला लावलं. माणसं गेल्यावर ती त्याच्यावरून हात फिरवत राहिली. गळून गेलेल्या प्रत्येक झावळीचा एक वण माडाच्या खोडावर राहतो, कड्यासारखा.

"वर्षं कळतात म्हणतेस ना यावरून?" तिनं विचारलं. "मोज."

मी बुंध्याकडून सुरुवात केली. प्रत्येक कड्यावर बोट ठेवत गेले. वर्षाला साधारण बारा-तेरा झावळ्या. एका जागी खोड आवळल्यासारखं बारीक झालं होतं.

"इथे त्याला काहीतरी कमी पडलं," मी म्हटलं. "वादळ असेल, किंवा दुष्काळ."

"वादळ," आई म्हणाली. "सातवं लागलं होतं त्याला. सहा महिने नुसतं फणसासारखं ते ब्रेडफ्रूट खाल्लं आपण. आठवत नाही तुला?"

मला आठवत होतं. मी पुढे टोकापर्यंत मोजलं. एकूण चोपन्न.

"चार वर्षं आणि थोडे दिवस. साधारण पाचव्या वर्षापासून नवव्यापर्यंत. थोडं इकडेतिकडे होऊ शकतं."

"आणि आधीची?"

"पहिली पाच वर्षं खोडावर नसतात, आई. तोवर खोड जमिनीच्या वर आलेलंच नसतं."

आईनं केरसुणी उचलली आणि खोडाभोवतीची माती झाडायला लागली.

"असू दे," ती म्हणाली. "ती मला पाठ आहेत."