टरफलं धुवून घाल

मल्लेशम वारला आणि गल्लीतल्या विहिरीत निळा होऊन राहिला. तीस वर्षं कारखान्यातल्या रंगाच्या हौदात हात बुडवलेला माणूस. एवढा रंग जाणार कुठे? गल्लीला त्यात नवल वाटलं नाही. त्याची बायको भूलक्ष्मी पाणी शेंदायला गेली, की तो खालून विचारायचा, जेवलीस का. जिवंतपणी त्यानं हे एकदाही विचारलं नव्हतं.

पण ते पाणी प्यायचं होतं. शेजारच्या अंबूबाईची नात आठ दिवस अंथरुणाला खिळली, तिचे ओठ निळे पडले. अंबूबाई दारात आली, पण बसली नाही.

"तुझा नवरा हाय, कळतंय मला. पण पोर माझी हाय."

पाण्यातला रंग काढायचा उपाय मल्लेशमनंच कारखान्यात बसवला होता. भुईमुगाच्या शेंगांची टरफलं भरडून, पोत्यात भरून पाण्यात सोडायची. टरफलं रंग पितात. प्यालेली टरफलं भट्टीत जाळायची. भूलक्ष्मीनं पोतं सोडलं. दुसऱ्या दिवशी पाणी निळं होतंच, वर तांबूसही झालं.

"टरफलं धुतली नाहीस," मल्लेशम खालून म्हणाला.

तिनं मुद्दामच धुतली नव्हती. न धुतलेली टरफलं आपलाच रंग सोडतात, दुसऱ्याचा कमी घेतात. भाकऱ्या थापता थापता तिनं हे त्याच्याकडून शंभरदा ऐकलं होतं. त्याच्यासोबतचे चार दिवस जास्त मिळतील, एवढंच तिच्या मनात होतं.

"पोर आजारी हाय. उकळत्या पाण्यात धुवून घाल की," खालून पुन्हा मल्लेशमचा आवाज आला.

ती पोटभर रडली, मग तिनं चूल पेटवली.

धुतलेल्या टरफलांनी आधी त्याचा खोकला प्यायला, मग हसू. शेवटी नुसतं 'जेवलीस का' उरलं. एका सकाळी तेही आलं नाही. विहिरीचा तळ दिसू लागला. अंबूबाईची नात उठून अंगणात खेळू लागली.

पोतं भूलक्ष्मी आणि अंबूबाईनं ओढून वर काढलं. ते बरोबर मल्लेशमएवढं जड होतं. भट्टीकडे न नेता भूलक्ष्मीनं ते घरी खाटेवर निजवलं, वर पांघरूण घातलं. नितळ पाण्याची पहिली कळशी अंबूबाईनं भूलक्ष्मीच्या दारात आणली, परातीत पाणी ओतलं. भूलक्ष्मीनं हात धुतले.

परात निळी झाली.

अंबूबाईनं पदर खोचला आणि भूलक्ष्मीच्या हातांसाठी नवी टरफलं उकळायला ठेवली.