मागच्या पानावरच्या माश्या

फळखरेदी केंद्राच्या तपासनिसाने मूठभर रास्पबेऱ्या पारदर्शक पिशवीत टाकल्या, बोटांनी हलक्या दाबल्या, वर मिठाचं पाणी ओतलं आणि घड्याळ बघत बसला. पंधरा मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात घाईने तीनदा पदराला हात पुसले आणि पिशवीकडे बघायचं टाळलं. ‘घाई’ हे वडिलांनी ठेवलेलं नाव. चाळिशी ओलांडली तरी ही बाई एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊनच घराबाहेर पडायची, तेव्हा ते चिकटलं ते चिकटलंच.

अकराव्या मिनिटाला पहिली अळी वर आली, पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्याएवढी. मग दुसरी. नऊ झाल्यावर तपासनिसाने मोजणं सोडलं. माणूस वाईट नव्हता, उलट त्यालाच अवघडल्यासारखं झालं होतं. तुमच्या मालात अळी निघायची ही तिसरी खेप, तो म्हणाला. गुरुवारी मी बागेत येऊन झुडपावरचं फळ तपासतो. त्यातही अळी निघाली तर या हंगामात तुमचं खोकं आत घेता येणार नाही.

घरी थोरल्या भावाने, दादाने, सगळं ऐकून घेतलं. चार वर्षांपूर्वी घाईने नोकरी सोडून बेरी लावायचं काढलं, तेव्हा त्यानेच निम्मी जमीन दिली होती, एका अटीवर: माल नाकारला गेला तर झुडपं काढायची आणि पुन्हा विषय काढायचा नाही. आज त्याने अटीची आठवण करून दिली नाही. नुसता कापणी यंत्राचं पातं काढून पुसत बसला. त्यापेक्षा बोलला असता तर बरं झालं असतं.

मंगळवारी आणि बुधवारी घाईच्या अंगात वारं शिरलं होतं. लाली चढलेलं प्रत्येक फळ तोडायचं, खाली पडलेलं वेचायचं, सगळं प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंबून तोंडं घट्ट बांधायची आणि पिशव्या उन्हात टाकायच्या, म्हणजे आतल्या अळ्या उकडून मरतात. फवारणीची वेळ टळली होती; औषध मारलं की काही दिवस फळाला हात लावता येत नाही. तोडणाऱ्या बायकांवर ती उगाच ओरडली, की तुम्हीच पिकलेलं फळ मागे ठेवता. त्यांतल्या वयस्कर बाईने झुडपाखालची स्वच्छ माती दाखवली. घाईला आपली लाज वाटली, पण माफी मागायलाही तिला वेळ नव्हता.

तिचं डोकं एकाच गोष्टीपाशी अडलं होतं. बागेत फळमाशीचे दहा सापळे होते: भोकं पाडलेले डबे, आत व्हिनेगर आणि साबणाचा थेंब. दर सोमवारी त्यांत बुडालेल्या माश्या अण्णा, म्हणजे तिचे वडील, मोजायचे आणि वहीत लिहायचे. दोन. तीन. दोन. चार. एवढ्याशा माश्यांना कोण भितं? फळ वेळेवर तोडलं की झालं, असं म्हणत तिने हंगामभर फवारणी पुढे ढकलली आणि मधमाश्यांसाठी बागेभोवतीच्या जाळीची दारं उघडी ठेवली. मग या अळ्या आल्या कुठून?

बुधवारी दुपारी ती सोमवारची वाट न बघता सापळे घेऊन अण्णांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

अण्णांचा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला. दुकान बंद झाल्यावर ते घरात नुसते येरझाऱ्या घालायचे, म्हणून या हंगामात घाईने त्यांच्या हातात हे काम दिलं. ज्या माशीच्या पंखांवर काळा ठिपका ती मोजा, बाकीच्या सोडून द्या, एवढं चप्पल घालता घालता सांगून ती पळाली होती. अण्णांनी डोळ्याला भिंग लावलं, डबे पांढऱ्या ताटलीत ओतले आणि चिमट्याने तीन माश्या बाजूला घेतल्या. वहीत तीन लिहिले. मग उरलेल्यांतून आणखी काही निवडून ते दहा-दहाचे ढीग करायला लागले.

“अण्णा, या कुठल्या?”

“बिनठिपक्याच्या. यांच्या शेपटीला करवत आहे बघ. साध्या चिलटांना नसते.”

घाईने भिंग घेतलं. करवत होती, बारीक दात्यांची.  ठिपका असतो तो नराला, आणि नर अंडी घालत नाही. झाडावरच्या चांगल्या फळाची साल कापून आत अंडी घालते ती मादी, आणि तिच्या पंखांवर काहीच नसतं. माहितीच्या कागदावर चित्राखालीच हे छापलं होतं. तिने ते वाचलं होतं, आणि सांगायचं राहिलं होतं.

“सोडून द्या म्हणालीस,” अण्णा म्हणाले, “पण मला सोडवेना. मागे लिहिल्यात.”

वही उलटी धरून त्यांनी मागचं पान उघडलं. सापळ्यागणिक, आठवड्यागणिक, सगळं होतं. चौथ्या आठवड्यात सहा, आणि त्या सगळ्या ओढ्याकडच्या एकाच सापळ्यात. सहाव्यात एकोणीस. नवव्यात एकशे बारा, खाली लाल रेघ. त्या सोमवारी अण्णा म्हणाले होते, मागे पण काही लिहिलंय, बघतेस का? आणि ती म्हणाली होती, नंतर.

ती वही घेऊन दादाकडे गेली. त्याने उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचली.

“हे सगळं घरातच होतं?”

“हो.”

 दादा बादली उचलून तिच्याबरोबर ओढ्याकडच्या रांगेत शिरला आणि अंधार पडेपर्यंत फळं तोडत राहिला. घाईला रडू येत होतं आणि हात थांबवायची सोय नव्हती.

गुरुवारी तपासनिसाच्या पिशवीत चारच अळ्या आल्या. नऊच्या जागी चार, हे तिने त्याला दोनदा सांगितलं. त्याने नकारार्थी मान हलवली आणि माल नाकारल्याच्या कागदावर सही केली.

शुक्रवारी सकाळी यंत्र सुरू झालं. आवाज घरापर्यंत येत होता. घाई स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती, तेवढ्यात अण्णांनी हाक मारली. त्यांच्यासमोर वही उघडी होती, आणि ते बेरजा पुन्हा करत होते.

“माझी मोजणी कुठे चुकली का गं?”

घाई आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोरच्या खुर्चीवर नीट बसली.

“नाही अण्णा. एकही चुकली नाही.”

“मग झुडपं का काढतायत?”

बाहेर यंत्र दुसऱ्या रांगेकडे वळलं. तिने वही आपल्याकडे ओढली आणि त्यांना पहिल्यापासून सगळं सांगायला सुरुवात केली.