उताणं पडण्याचा नेम

आमच्या ह्यांना शुगर. त्यापायी पुढची कातडी आवळत गेली, लघवी अडायला लागली, म्हणून अंबडच्या डॉक्टरांनी ती काढूनच टाकली. पन्नाशीत सुंता! परतताना जीपमध्येच ह्यांनी मला शपथ घातली, "गावात कळलं तर मी पुन्हा पारावर बसणार न्हाई."

डॉक्टरांनी बजावलं होतं, "सूज येणारच. उताणं पडून राहा, जागा पोटाकडं वर राहू द्या, कापडात बर्फ गुंडाळून वरून लावा. मांडी घालून बसायचं नाही. सोमवारी सूज उतरली नसली तर पुन्हा बघावं लागेल." ते 'पुन्हा' ऐकून हे घामाघूम झाले.

पण आमच्याकडं दवाखान्यातून माणूस घरी आला की गाव बिस्किटाचा पुडा घेऊन भेटायला येतं. अन् वडीलधारं कुणी दारात दिसलं की ह्यांना पडून राहवत नाही. टोपी घालायची, उठून मांडी ठोकायची, रामराम करायचा. शुक्रवारी अकरा वेळा. संध्याकाळी बघितलं तर सूज वांग्याएवढी.

"पडून राहा ना," मी हळूच म्हणाले.

"रखमाजी आबापुढं पडून? अन् कुठं दुखतं म्हणून सांगू?"

चातुर्मासात खोटं बोलायचं नाही, असा माझा नेम. शेजारच्या जयवंताबाईनं विचारलंच, "कशाचं आपरेशन वो बाई?"

"कातडीचं."

"कुठल्या?"

"त्यांच्याच."

शनिवारी सकाळी माळ ओढताना सुचलं. ह्यांच्या तळहातावर पाणी घातलं अन् म्हणाले, "म्हणा, सोमवारपर्यंत कोन्ही आलं तरी पाठ उचलणार न्हाई."

"हा कसला नेम?"

"तुमचा. सोडा पाणी."

मंग मी दारात सांगायला मोकळी झाले, "त्यांनी नेम धरलाय. उठायचं न्हाई." एक अक्षर खोटं नव्हतं.

वाटलं, माणसं माघारी जातील. ती वाढली. पांघरूण जखमेला लागू नये म्हणून मी मांड्यांवर कोंबड्या झाकायची बांबूची डाल पालथी घालून वरून चादर टाकली होती. ते गोल, उंच बघून रखमाजी आबांनी चपला बाहेर काढल्या.

"खाली देव मांडलाय का?"

"न्हाई आबा, त्यांचंच हाय सगळं."

"धन्य हाय रायभान!" म्हणत आबांनी डालीवर हळद-कुंकू वाहिलं. दुपारी भजनी मंडळ आलं. डालीला हार चढला. टाळ वाजले की बाज हालायची अन् हे छताकडं बघत दात आवळायचे. मी मधूनमधून चादरीखाली बर्फ सरकवी, तर बायका कुजबुजत, "निवद दाखवून राह्यली." बर्फ वितळून बाजेखाली टपकायला लागला. जयवंताबाईनं तीर्थ म्हणून ओंजळ धरली, तेव्हा मात्र मी तिचा हात धरला.

"न्हाई बाई. ते बिलकुल नको."

सोमवारी डॉक्टरांनी तपासलं. "उतरली की! टाके बराबर आहेत." चार दिवसांत हे पहिल्यांदा हसले.

बाहेर बाकावर आमच्या गावच्या सोसायटीचे चेअरमन काकासाहेब बसलेले. पाय लांब फाकवून, धोतर चिमटीत वर धरून. आम्हाला बघून उठायला गेले अन् कळवळले.

"पाठीचं हाय जरा," ते म्हणाले.

"माझंबी तेच व्हतं," हे म्हणाले. मग जवळ जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "उताणं पडून राहा, काकासाहेब. अन् उठू नका. मी भेटायला आलो तरी."