झऱ्यावर साचलेली पानं

“झऱ्यावर पानं साचली, की समज, वरच्या घरात काहीतरी बिघडलंय.” आईनं मला बजावलं होतं. मी मनावर घेतलं नाही. वाऱ्यानं आली असतील, म्हटलं.

मित्रांनो, मी चपटकृमींच्या जातीची आहे. नखाएवढी, करडी. पुस्तकात मला प्लॅनेरिया म्हणतात, लोक मात्र जळू समजून झटकतात. आष्टीकडच्या डोंगरातल्या एका गार झऱ्यात, दगडाखाली माझा जन्म झाला. पाणी कोमट झालं की आम्ही मरतो. डोक्यावरच्या दोन ठिपक्यांनी मला फक्त उजेड आणि सावली कळते.

रोज सकाळची सावली वरच्या घरातल्या म्हाताऱ्या सुंदरबाईंची. घागर भरण्याआधी त्या ओंजळीनं गाळ काढायच्या, पानं वेचायच्या. म्हणून पाणी वाहतं राहायचं, गार राहायचं. मला कुणी फेकू लागलं तर म्हणायच्या, “राहू दे गं. ती हाय तवर पाणी चांगलं हाय.”

दसऱ्यानंतर त्यांचा मुलगा आणि सून दिपाली ऊसतोडीला निघाले. झऱ्यावर दिपाली म्हणाली, “आत्या, शेजारची वर्षाराणी यंदा जायची न्हाई. काही लागलं तर तिला हाक मारा.”

“मारीन. न्हाई मारली तर तू फडातून वरडशील.”

आठ दिवसांनी वर्षाराणीचंही जायचं ठरलं. डोक्यावर भांड्यांचं गाठोडं घेऊन ती झऱ्यापाशी थांबली. “काकू, खाली गेल्यावर दिपालीला फोन लावते. आता वस्तीवर तुमी एकल्याच.”

“कावून? तिचा जीव तिकडं टांगणीला लागंल. हातात कोयता असतो पोरीच्या. सांगू नको, तुला माझी आण हाय.”

वर्षाराणीनं डोक्यावरचं गाठोडं सावरलं आणि ती निघून गेली.

त्यानंतरही सावली रोज यायची. पण हळू, काठी टेकत. चार दिवसांपूर्वी ती आली नाही. पाण्यावर एक पान थांबलं. मी माझ्या अंड्यांच्या कोषाभोवती फिरत राहिले. दुसऱ्या दिवशी पानांनी झऱ्याचं तोंड बुजलं. आज पाणी कोमट आहे. माझ्या शेजारच्या दोघी सकाळीच विरघळून गेल्या.

मित्रांनो, माझे कुणी दोन तुकडे केले, तर त्यांच्या दोन जणी होतात. सुंदरबाई एकच आहेत.

मला झऱ्याबाहेर येता येत नाही. तुम्हाला पाय आहेत. वर बाभळीजवळ पत्र्याचं घर आहे. कडी वाजवा, नावानं हाक मारा. आतून ओ आली नाही, तर झोपल्या असतील म्हणून माघारी फिरू नका. दार ढकला.