मुक्या हेडफोनचा होकार

बाबांच्या लॅपटॉपला दोनच गोष्टी जमत: कानठळ्या बसतील एवढ्या आवाजात बोलणं, नाहीतर तोंडाला कुलूप लावून बसणं. अधलंमधलं काही नाही. आवाज कमी करायची कळ दाबली की पडद्यावरची पट्टी अगदी आज्ञाधारकपणे खाली सरकायची, पण बातम्या देणारी बाई त्याच पट्टीत ओरडत राहायची. पट्टी शून्यावर टेकली की बाई एकदम गप्प. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी एकदा जिन्यात थांबवून, उद्याचं हवामान आम्हाला तुमच्याकडूनच कळतं, असं अतिशय नम्रपणे सांगितलं होतं.

दोष कुणाचा, याबद्दल घरात दुमत नव्हतं. लॅपटॉप जुना झाला, रडतखडत चालू लागला, तेव्हा मेहुण्याने नवीन घ्या म्हणून सांगितलं होतं. मेहुण्याचं कॉम्प्युटर विक्री-दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याने भावोजींना सवलतही देऊ केली होती. पण बाबांनी कुठेतरी लिनक्सवर एक लेख वाचला. जगभरची माणसं आपापल्या वेळात बसून ही सिस्टीम लिहितात, सुधारतात आणि कुणालाही वापरायला देतात, हे वाचून ते भारावले. जिथे कुणीही चुका सुधारू शकतो असं जग अस्तित्वात आहे आणि आपल्याला कुणी कळवलं नाही, असं त्यांना वाटलं. नवा लॅपटॉप न घेता त्यांनी जुन्यावरच लिनक्स चढवलं.

कारण चुका सुधारणं हाच त्यांचा धंदा. एका छापखान्यात ते मुद्रितशोधक होते. छपाईआधीच्या प्रती समोर घ्यायच्या, लाल पेन हातात धरायचं आणि लोकांची वाक्यं रांगेला लावायची, यात त्यांची हयात गेली होती. छापखान्यात त्यांना पाठीमागे 'स्वल्पविराम' म्हणत, कारण कुणाचंही वाक्य संपायच्या आत हे मध्ये येत. घरीही तेच. मुलगी लहानपणी शाळेतून धावत येऊन काही सांगायला लागली की बाबा पहिल्या वाक्यातली चूक दाखवत, दुसऱ्यात सल्ला देत आणि तिसरं वाक्य बहुतेक येतच नसे. आता ती दूरच्या शहरात एका कंपनीच्या हिशेब खात्यात होती आणि दर रविवारी लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल करत होती. हवापाणी, तब्येत, जेवण, झालं. मुलगी आपल्याला काही सांगत नाही, हे बाबांना कळत होतं आणि ते त्यांना फार लागत होतं. तिने एकदा तरी मन मोकळं करावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती मध्ये बोलू देत नाही, असंही त्यांचं प्रामाणिक मत होतं.

तर आवाज. हेडफोन लावला की सगळं ठीक चालत होतं, इथपर्यंत परिस्थिती काबूत होती. मग बाबांनी दुरुस्ती हाती घेतली. इंटरनेटवर कुणीतरी सांगितलं होतं की आवाजाच्या सेटिंगची एक फाइल असते, ती उघडा आणि एक ओळ बदला. बाबांनी फाइल उघडली आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिली. कितीतरी ओळींच्या सुरुवातीलाच अर्धविराम. वाक्य सुरू व्हायच्या आधी अर्धविराम. जगभरच्या विद्वानांनी मिळून लिहिलेल्या फायलीत ही अनागोंदी पाहून त्यांना आधी वाईट वाटलं आणि मग बरंच वाटलं. ती एक ओळ बदलायचं बाजूला राहिलं. चहा गार होईपर्यंत बसून त्यांनी एकेक अर्धविराम टिपून काढला, वर ओळींमधलं अंतरही सारखं केलं. फाइल इतकी देखणी दिसू लागली की त्यांनी ती आईला बोलावून दाखवली. आईने, छान आहे, पण आवाजाचं काय, असं विचारलं. लॅपटॉप बंद करून सुरू केला. स्पीकर पूर्वीसारखाच ठणाणा करत होता आणि हेडफोन कायमचा मुका झाला होता.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. उलट मेहुण्याचा फोन आला तेव्हा, झालं सगळं दुरुस्त, अगदी मक्खनसारखं चाललंय, असं सांगून टाकलं. माणूस म्हातारा होतो तसा शहाणा होतो, ही समजूत त्यांच्यापुरती तरी छपाईला जाण्याआधीच खोडायला हवी होती.

पुढच्या रविवारी मेहुणा अचानक येऊन समोरच्या खुर्चीत बसला. आई कामावर होती. औषधांच्या दुकानात काउंटरवर तिची रविवारची पाळी असायची. बाबा पाणी आणतात न आणतात तोच लॅपटॉप वाजू लागला. मुलीचा कॉल. स्पीकर चालू ठेवावा तर तिचं 'हॅलो' तिसऱ्या मजल्यापर्यंत जाणार आणि मेहुण्याला सगळं कळणार. कॉल घेऊ नये तर मेहुणा म्हणणार, का हो, घेत का नाही? बाबांच्या हातांनी डोक्याला न विचारता हेडफोन उचलला, खोबणीत खुपसला आणि कानांवर चढवला. एखाद्या वैमानिकासारखे ते ताठ बसले. कानात सामसूम होती.

पडद्यावर मुलगी बोलू लागली. दोन मिनिटं हवापाणी करायचं आणि नंतर बोलू म्हणून सुटायचं, असा बेत होता. पण ती थांबेना. ती बोलत होती, मध्येच खाली बघत होती, केस कानामागे सारत होती. बाबा अंदाजाने "हं" म्हणत होते. ती हसल्यासारखी वाटली की हे हसत. तिने काही विचारल्यासारखं वाटलं की हे मान डोलवत. एकदा ती काहीतरी विचारून बराच वेळ यांच्याकडे पाहत राहिली. बाबांनी छानसं हसून, पापण्या मिटून, अगदी ठामपणे होकार दिला. त्यावर तिचे डोळे भरून आले. बाबांना थोडं नवल वाटलं, पण समोर मेहुणा चकित होऊन बघत होता आणि त्याचाच आनंद त्या घटकेला मोठा होता.

"चाललंय की बरं तुमचं फुकटातलं," जाताना मेहुणा म्हणाला. बाबांनी, त्यात काय, जरा डोकं लावावं लागतं, असं उत्तर दिलं.

संध्याकाळी मुलीचा मेसेज आला. 'बाबा, आज पहिल्यांदा तुम्ही माझं पूर्ण ऐकून घेतलंत. मला केवढं हलकं वाटतंय. थँक यू.' बाबांनी तो पुन्हा पुन्हा वाचला. त्यात एकही चूक नव्हती. त्यांच्या पायाखालची जमीन सरकली.

आई घरी आली ती वेगळीच होऊन. मुलीने तिलाही फोन केला होता. तिने पर्स ठेवली, बाबांच्या शेजारी येऊन बसली आणि त्यांच्या हातावर हात ठेवला. मला वाटलं होतं तुम्ही आकाशपाताळ एक कराल, म्हणाली. मीच घाबरून तिला दम धरायला सांगितलं होतं, आणि तुम्ही मात्र एका शब्दाने दुखावलं नाहीत तिला. बाबांनी नम्रपणे मान खाली घातली. सहजीवनात इतकं कौतुक एकरकमी त्यांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं, आणि ते नेमकं कशासाठी चाललंय हे विचारायची सोय नव्हती.

त्यांनी आडून आडून खडे टाकून पाहिले. तुला काय वाटतं तिच्या या सगळ्याबद्दल, असं आईला विचारलं. तुम्हाला वाटतं तेच, ती म्हणाली. निर्णय मोठा आहे, असं ते भाजी चिरता चिरता सहज बोलल्यासारखं बोलले. हो ना, पण तुम्ही पाठीशी आहात म्हटल्यावर, असं म्हणून तिने त्यांच्या हातातली सुरी घेऊन त्यांना विश्रांतीला पाठवलं. आठवडाभर बाबा सुखात लोळत होते आणि झुरत होते. लग्न ठरवलं असेल? मग आपण एका जावयाला मान्यता दिली आहे, ज्याचं नावही आपल्याला माहीत नाही. परदेशी जाणार असेल? आजारी असेल? या शेवटच्या विचाराने ते ताटावरून उठले. ती डोळे भरून बघत असताना आपण हसत होतो, हे आठवून त्यांना स्वतःची लाज वाटली. आयुष्यभर जे हवं होतं ते तिने त्यांच्या समोर ठेवलं होतं आणि त्या वेळी हे महाशय वैमानिक झाले होते.

सरळ विचारावं तर तो मेसेज आठवे. तिचं ते हलकं झालेलं मन पुन्हा जड करायचं त्यांच्या जिवावर येई. म्हणून त्यांनी ठरवलं की निदान पुढच्या रविवारी नीट ऐकायचं, आणि त्यासाठी आवाज काहीही करून दुरुस्त करायचा. लिनक्सवाल्यांच्या प्रश्नोत्तरांच्या पानावर त्यांनी आवाजाची सगळी हकीकत लिहिली. देखणी केलेली फाइलही जोडली. कुठल्याशा अनोळखी माणसाने उत्तर दिलं. ओळीआधीचा अर्धविराम म्हणजे 'ही ओळ वाचू नकोस' असा मशीनला निरोप असतो, त्याने लिहिलं होतं. ज्या ज्या ओळींना गप्प राहायला सांगितलेलं होतं, त्या सगळ्यांना इथे एकदम बोलायला लावलंय. खाली, हे कुणी केलं आणि का, असंही विचारलं होतं. बाबांनी 'घरातल्या एका मूर्खाने' एवढंच उत्तर पाठवलं. लाल पेन कुठेच चालवावं लागलं नाही असं ते त्यांचं पहिलंच वाक्य होतं.

मग त्यांनी सांगितल्याप्रमाणे केलं. मूळ फाइल परत आणली, एकाही अर्धविरामाला हात लावला नाही, आणि त्या माणसाने दिलेल्या दोनच ओळी जशाच्या तशा उतरवल्या. मुख्य तोटीला हात लावू नको, पाणी मागेच कमी-जास्त करून सोड, असा काहीसा त्यांचा अर्थ होता. लॅपटॉप पुन्हा सुरू केला. बातम्यांची बाई ओरडली. बाबांनी कळ दाबली. बाई थोडी शांत झाली. अजून एकदा दाबली, अजून शांत झाली. अगदी कुजबुजेपर्यंत त्यांनी तिला खाली आणलं आणि पुन्हा वर नेलं, मग पुन्हा खाली. हेडफोनमध्येही ती बोलू लागली. त्यांना इतका आनंद झाला की दाखवायला कुणी नाही म्हणून ते जिन्यापर्यंत जाऊन आले.

रविवारी आईने पाळी बदलून घेतली होती. दोघं लॅपटॉपसमोर बसली. मुलीचा आवाज आला, खोलीत मावेल एवढाच, आणि बाबांना तो कितीतरी दिवसांनी तिचा वाटला. ती मोकळी दिसत होती. मागच्या वेळी तुम्ही हो म्हणालात, तेव्हाच माझी भीती गेली, ती म्हणाली. मी मैत्रिणींनाही सांगितलं, बाबांनी मध्ये एक शब्द काढला नाही.

आई बाबांच्या हातावर हात ठेवून कौतुकाने त्यांच्याकडे पाहत होती. गप्प राहिलं असतं तर सगळं गोड झालं असतं, हे बाबांना कळत होतं. पण ती त्या होकारावर विसंबून बसली होती आणि त्या होकारात काहीच नव्हतं. त्यांना ते सहन झालं नाही.

"मला ऐकू येत नव्हतं," ते म्हणाले. "हेडफोन बंद पडला होता. तुझ्या मामासमोर शोभा होऊ नये म्हणून मी नुसती मान हलवत होतो. तू काय बोललीस, मला काही माहीत नाही."

आईने हात काढून घेतला. पडद्यावर मुलगी हलली नाही, आवाजही नाही. बाबांचं बोट सवयीने आवाजाच्या कळीकडे गेलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं की यंत्र ठीक आहे.

"मी तुम्हाला विचारलं होतं," ती हळूच म्हणाली, "की तुम्हाला काही सांगायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो, हे तुम्हाला माहीत आहे का. आणि तुम्ही हसून हो म्हणालात."

बाबांचा चेहरा तापला. त्या ठाम होकाराची, मिटलेल्या पापण्यांसकट, त्यांना आठवण झाली.

"मला वाटलं, मी जेवलो का ते विचारतेयस."

ती हसली, पण ते हसू वाटेतच मोडलं. म्हणजे मी भिंतीशी बोलले, म्हणाली. वर, ज्यांना सांगून हलकं वाटलं ते बाबा नव्हतेच, असंही म्हणाली. बाबांजवळ यावर तीन उत्तरं तयार होती आणि तिन्ही व्याकरणदृष्ट्या निर्दोष होती. त्यांनी ती गिळली. गिळताना त्रास झाला.

"पुन्हा सांग," ते म्हणाले. "मी मध्ये बोलणार नाही."

"जमणार नाही तुम्हाला."

"नाही जमणार. तरी सांग."

तिने खाली बघत केस कानामागे सारले. मग तिने सुरुवात केली. हिशेब खात्यातली नोकरी तिने केव्हाच सोडली होती. त्या खोलीत बसून तिला रोज रडू येत असे. आता ती शहरातली बस चालवायला शिकत होती. परीक्षा जवळ आली होती आणि इतकं सुख तिला कुठल्याच कामात मिळालं नव्हतं. बस, हा शब्द बाबांच्या जिभेच्या टोकापर्यंत प्रश्नचिन्हासकट आला. हिशेब खात्यातल्या मुलीबद्दल त्यांनी अख्ख्या छापखान्याला सांगून ठेवलं होतं. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांवर बसून राहिले. आईने ते पाहिलं.

मुलगी बोलायची थांबली. इतकी शांतता तिच्या ओळखीची नव्हती. तिने पडद्याजवळ तोंड आणलं.

"बाबा, ऐकू येतंय ना?"

"येतंय," बाबा म्हणाले. "पोटात गोळा येतो म्हणालीस, तेही आलं. पुढे सांग."