इंचाला सात टाके

टण्! बॉबिन मशीनवरून घरंगळली आणि फरशीवर नाचत कपाटाखाली गेली. दुपारचं निजलेलं घर दचकलं. पाळण्यात कैफनं एक पाय झाडला, तोंड चुळबुळवलं, पुन्हा झोपला. मी श्वास रोखून बसले होते. हा तासभरच माझा असतो.

अरीबा, माझी पाच वर्षांची, पोटावर सरपटत बॉबिन घेऊन आली. "घे अम्मी. आता गपचूप शिव."

शिवायची होती झोळी. मंगलीच्या लेकीची. मंगली जंगलातल्या गावाहून राजुऱ्याच्या बाजारात मोहफुलं, चारोळी घेऊन येते आणि आमच्या वट्ट्यावर पाणी प्यायला टेकते. आम्ही दोघी आठ दिवसांच्या फरकानं बाळंत झालो, तेव्हापासून मैत्री. सध्या तेंदूपत्त्याचे दिवस. ती पहाटे जंगलात जाते, पोरीला लुगड्याच्या झोळीत झाडाला टांगून पानं तोडते. मागच्या आठवड्यात अवकाळी पावसात पोर भिजली. म्हणून रेनकोटचं नायलॉन घेऊन आली होती. "बाई, पोरगी भिजू नये अन् पडू नये. बाकी काई नाई पाह्यजे." आज चारच्या सुमारास न्यायला येणार होती.

मशीन मला सासूबाईंनी शिकवलं. टाका जितका बारीक तितकी शिलाई पक्की, हे त्यांचं वाक्य. त्यांच्या हातचं ब्लाऊज फाटेल पण उसवणार नाही, असं राजुऱ्यात बायका सांगतात. मीही झोळी तशीच शिवली होती, इंचाला चौदा टाके. आता शेवटची टिप मारून ती ओसरीतल्या कडीला टांगली, खाली गादी घातली आणि झोळीत मसाल्याचा पाटा ठेवला.

पहिला झोका. दुसरा झोका. चर्र!

पाटा गादीवर. खाटेवर निजलेल्या सासूबाई उठून बसल्या. "दोरा कच्चा निंगाला."

"नाई अम्मा, दोरा पाहा. साबूत हाय. कापडच फाटलं, टिपेच्या लाईनीनं."

मी ते उजेडात धरलं. पोस्टाच्या तिकिटांमध्ये असते तशी छिद्रांची रांग. सुती कापड सुईचं छिद्र पुन्हा मिटवून घेतं, नायलॉन घेत नाही. जितके जास्त टाके तितकी जास्त छिद्रं. मीच ते फाडायला सोपं करून ठेवलं होतं.

"चाळीस वर्षं शिवून राह्यली मी," सासूबाई म्हणाल्या.

"ब्लाऊजात कोनी लेकरू टांगत नाई, अम्मा."

त्या तोंडाला पदर लावून हसल्या.

मी फाटकी कड दोन बोटं कापून टाकली. जुनी छिद्रं ठेवून चालणार नव्हतं. टाका लहान-मोठा करायचा दांडा खाली ओढला आणि आधी चिंधीवर टिप मारून पाहिली. इंचाला पाच: दोरा सैल पडला, अरीबाचं नख त्यात अडकलं. बाळाच्या पायाचं बोटही अडकलं असतं. इंचाला नऊ: ओढलं तर छिद्रं अजून एकमेकांकडे धावत होती. सात मारले. टाका कापडावर नीट बसला, ओढला तरी हलेना. हाताला कळतं ते. सात.

सासूबाईंनी खाटेखालचं नवारीच्या पट्टीचं भेंडोळं काढलं. "हे कडेले लाव. कापडावर जोर नको येऊ देऊ. अन् सुई मोटी घाल, हिच्यानं नवार टोचणार नाई."

मोठी सुई घातली. नवार, त्यावर दुमडलेलं नायलॉन, दोन टिपा बोटभर अंतरानं. मशीन घरघरत होतं आणि कैफ त्या आवाजानं उलट गाढ झोपला होता.

पुन्हा पाटा. त्यावर तांदळाची पिशवी. अरीबानं शंभर झोके दिले. एकोणऐंशीवरून थेट नव्वदवर गेली, मी टोकलं नाही. मग शिलाई उजेडात धरली. एकही छिद्र लांबलं नव्हतं.

मंगली आली तेव्हा कैफ उठून माझ्या कडेवर होता. तिनं झोळीत गुडघा रोवून दोन्ही हातांनी कड ओढली. "पक्की हाय ना बाई?"

"पक्की हाय. बिनघोर ने."

मला जराही शंका नव्हती. तिनं लेकीला झोळीत ठेवलं. पोरगी वर कडीकडे टकमक बघत हसली. सासूबाई म्हणाल्या, "पाहा, कशी महारानीवानी हासून राह्यली!"

अरीबा झोक्याची दोरी धरून उभी होती. तिनं झोळीत पाहिलं, मग माझ्या कडेवर पाहिलं.

"अम्मी, तू पाटा ठेवला, तांदूळ ठेवले. मंग आपला कैफ काऊन नाई ठेवला?"