पंख्याच्या प्लगने नेलेला आवाज

मित्रांनो, ध्वनिमुद्रणाच्या एका छोट्या खोलीत, कोपऱ्यात टॉवेल पांघरून बसलेला जुना संगणक म्हणजे मी. मी इथे आलो तेव्हा नवाकोरा होतो. खोलीचे मालक काका आल्यागेल्याला सांगायचे, "हा माझा उजवा हात." मीही फुशारून जायचो, खोटं कशाला बोलू?

एकदा ताई, म्हणजे काकांची थोरली बहीण, आल्या. दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांच्या घशाचं ऑपरेशन होतं आणि त्यानंतर आवाज राहणार नव्हता. लेकीला बाळ होणार होतं. त्या नातवंडासाठी त्यांनी गोष्टी सांगितल्या, अंगाई म्हटली, वर दटावूनही ठेवलं, "पाय पुसून आत ये. पुन्हा सांगणार नाही." मग रात्री उशिरा त्या तशाच दवाखान्यात दाखल व्हायला गेल्या.

माझं पोट भरलेलं, म्हणून काका ते सगळं बाहेरच्या डिस्कवर साठवत होते. तेवढ्यात त्यांना उकडलं. पंखा लावायला त्यांनी एक प्लग उपटला. नेमका डिस्कचा.

आवाज साठवणारा प्रोग्राम जागीच थिजला. काकांनी तो बंद करायच्या फुलीवर टिचक्या मारल्या. चालू कामांच्या यादीत जाऊन तो बंद करायचा हुकूम सोडला, पुन्हा सोडला. "अरे, मर की एकदाचा," ते करवादले. पण तो हट्ट करत नव्हता हो. तो डिस्कच्या उत्तरासाठी थांबला होता. प्लग परत लावला असता, तर ताईंचा आवाज जागेवर ठेवून तो मुकाट्याने बंद झाला असता. मी पडद्यावर लिहिलं, 'प्रतिसाद मिळत नाही'. कोणाचा, हे लिहायला मला कोणी शिकवलंच नव्हतं. ती खंत अजून जात नाही.

काकांनी माझं बटण दाबून धरलं. मी पुन्हा सुरू झालो, तेव्हा डिस्कवर अर्धवट फाइल होती. ती उघडेना. मग त्यांना तो प्लग दिसला आणि त्यांनी माझ्यावर टॉवेल टाकला. तेव्हापासून ते माझ्याकडे बघत नाहीत.

मित्रांनो, कोणी अडून बसलं, तर बटणाला हात घालण्याआधी ते कशासाठी थांबलंय, तेवढं बघा.

माईक तपासतानाचं ताईंचं एक वाक्य माझ्या पोटात राहून गेलंय. कधीतरी त्यांची नात आजीचा हात धरून येते, टॉवेल काढते आणि ते लावते.

"ऐकू येतंय का रे?"

"हो," नात शेजारच्या आजीकडे न बघता मला म्हणते. "आता गोष्ट सांग."